थंडीच्या चाळीस रात्री

(पिंप्राळा येथे रविवारच्या उपासनेनंतर, आदिवासी सेवाकार्याच्या पाठीराख्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर आणि पलीकडे शिरपूरच्या बाजूला जे पावरा, भिल्ल आणि तडवी बांधवांचे पाडे आहेत, तिथे उन्हाळी भाजीपाल्याचे काम चालते हे आपणांस ठाऊक आहे. त्या कामातल्या एका लहानशा भागाविषयी मला बोलायचे आहे. मिरची, वांगी, टोमॅटोची कोवळी रोपे जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत जगवायची कशी, एवढाच विषय आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी दचकणार नाही: मी रोपांसाठी पैसे मागायला उभा नाही. मला हव्या आहेत जुन्या साड्या, बांबूच्या कामट्या आणि पाड्यावर मागे राहणाऱ्या माणसाची सहा आठवड्यांची मजुरी.

उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात याकोब आपल्या सासऱ्याला, लाबानाला, वीस वर्षांच्या चाकरीचा हिशेब ऐकवतो. दिवसा उन्हाने भाजून निघालो, रात्री थंडीने गारठलो, डोळ्याला डोळा लागला नाही, असे त्याचे गाऱ्हाणे आहे. ते वाचताना मला नेहमी वाटते की हा माणूस फेब्रुवारीत खानदेशात राहून गेला असावा. आपल्याकडे या दिवसांत दुपारी पारा बत्तीस-तेहतीसला जातो आणि पहाटे त्याच शेतात नऊ-दहावर येतो. एका दिवसात बावीस-चोवीस अंशांचा फरक. मोठ्या झाडाला तो सोसतो. दोन पानांवर असलेल्या रोपाला सोसत नाही.

थंडीला मी शत्रू म्हणत नाही. गहू, हरभरा, दादर यांना ती हवीच. गव्हाला ती मिळाली नाही तर दाणा बारीक राहतो. भरताची वांगी थंडीतच गोड लागतात हे जळगावकरांना मी काय सांगावे! परंतु मिरची, टोमॅटो, कारली, टरबूज ही उष्ण हवेतली पिके. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की त्यांची वाढ थांबते. मुळे काम करत नाहीत, स्फुरद उचलला जात नाही आणि पानांच्या खालची बाजू जांभळट होते. अशा वेळी माणसे खत कमी पडले असे समजून युरिया टाकतात. थंडीत गारठलेल्या मुळांना युरिया देणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पुरणपोळी वाढण्यासारखे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक रावेर-यावलच्या केळीत आहेत. त्यांना हे वेगळे सांगायला नको. कांदेबागाची केळी हिवाळ्यात लहान असते. थंडी वाढली की पोंग्यातून पान बाहेर येत नाही, आलेले पान आखूड आणि पिवळट निघते. म्हणून आता टिश्यूकल्चरच्या प्रत्येक रोपाला पांढऱ्या कापडाची पिशवी घालतात, बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची भिंत उभी करतात, रात्री पाणी देतात. शिवाय हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीच्या थंडीची दखल घेतलेली आहे. हिवाळ्यात सलग तीन दिवस पारा आठ अंशांवर किंवा त्याखाली राहिला तर भरपाईची तरतूद आहे. हे चांगलेच आहे, केळीवाल्याचेही कष्ट मोठे आहेत. पण पाड्यावरच्या चार वाफे मिरचीच्या रोपांना ना विमा, ना पिशवी, ना पंचनामा. रोपे मेली तर ती गेल्याचे त्या घराखेरीज कोणाला कळतही नाही.

आता आपण विचाराल, चार वाफ्यांसाठी एवढे काय? त्याचे उत्तर मिरचीत कमी आणि उचलीत जास्त आहे.

पाड्यावरच्या वर्षाचा हिशेब असा चालतो. पाऊस सुरू झाला की घरातला दाणा संपत आलेला असतो आणि बियाणे, खत घ्यायला रोकड नसते. जून ते ऑगस्ट हे उपासाचे दिवस. त्याच दिवसांत मुकादम येतो आणि ऊसतोडीची उचल देतो. ती फेडायला दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन निघते, बरेचसे दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे. लहान मुले सोबत जातात, शाळा सुटते. होळीला परत येतात, कधी त्यानंतरही, आणि उचल फिटलेली नसली की पुढच्या वर्षी परत तेच.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्याच्या आत त्याला परत द्यावे, अशी आज्ञा आहे. कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. उचलीच्या धंद्यात सूर्य मावळायची वाट कोणी पाहत नाही.

या साखळीत एक कच्चा दुवा आहे, आणि तो मे महिन्यात आहे. ज्या घरात आखाजीच्या सुमारास दहा गुंठे मिरचीचा पहिला तोडा निघतो, त्या घरात मे-जूनला रोकड असते. लगीनसराईत हिरव्या मिरचीला भाव बरा मिळतो. त्या पैशांत खरिपाचे बियाणे येते, दोन पोती ज्वारी येते आणि पावसाळ्यात मुकादम दारात उभा राहिला तर त्याला नाही म्हणता येते. सगळ्यांना जमत नाही, पण जमते. आता आखाजीला मिरची हवी तर लागण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात व्हायला हवी, आणि त्यासाठी बी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यात पडायला हवे. म्हणजे रोपाचे सगळे बालपण वर्षातल्या सर्वांत थंड चाळीस-पंचेचाळीस रात्रींत जाते. आणि नेमके त्याच दिवसांत घरातली कर्ती जोडी उसाच्या फडात असते. मागे आजी, आजोबा आणि एखादी शाळेत जाणारी नात. म्हणून या चाळीस रात्रींचा मी एवढा बाऊ करतो आहे.

थंडी येते कशी, हे थोडे समजून घेऊ. पश्चिमेकडून येणारे वादळी वारे काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडून पुढे गेले की उत्तरेचा कोरडा गार वारा खाली सुटतो आणि दोन-तीन दिवसांत आपल्याकडे पोचतो. त्यामुळे डोंगराकडे बर्फ पडल्याची बातमी ऐकली की मी पाड्यावर फोन करतो. वारा पडला आणि आकाश निरभ्र राहिले की खरी कसोटी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती अडवतात. नसले तर सगळी ऊब निघून जाते. म्हणून चांदणे स्वच्छ पडलेली रात्र रोपाला सर्वांत वाईट. आणि सर्वांत कमी पारा मध्यरात्री नसतो, तो सूर्य उगवण्याच्या सुमारास असतो.

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब या उंचावरच्या भागांत तर गवतावरचे दव गोठून पांढरे पडते. पण आपण वर्तमानपत्रात जो आकडा वाचतो तो वेधशाळेच्या पेटीतला, जमिनीपासून साधारण चार फुटांवरचा असतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश कमी असतात. पेपरात नऊ छापले असतील तर वाफ्यातल्या रोपाने सहा सोसलेले असू शकतात. शिवाय गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहून सखल जागी साचते. पाड्यावर पाणी नाल्याकाठी असते म्हणून रोपवाटिकाही नाल्याकाठी करण्याकडे कल असतो, आणि तीच जागा सर्वांत गार. वाफा नाल्यापासून पंधरा-वीस पावले वर, उतारावर, सकाळचे ऊन आधी पोचेल अशा ठिकाणी करावा. पाण्याच्या चार घागरी जास्त वाहाव्या लागतात, पण रोपे वाचतात. याला एक पैसा लागत नाही.

उत्तरेच्या बाजूला आडोसा हवा. तुरीच्या काड्या या दिवसांत कुठेही मिळतात, त्यांचा कूड बांधला की झाले. कपाशीच्या पऱ्हाट्यांचाही होतो, फक्त त्यांच्यावर राहिलेली कैरीबोंडे आधी तोडून जाळून टाकावीत. त्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, आणि मिरचीची रोपे वाचवताना पुढच्या कपाशीचा शत्रू पोसणे बरे नव्हे.

बी टाकायची रीतही थंडीत बदलावी लागते. ऐन थंडीत मिरचीचे बी उगवायला पंधरा-वीस दिवस घेते, आणि गार ओल्या मातीत तेवढे दिवस पडून राहिले की बुरशी लागते. मग उगवलेली रोपे जमिनीलगत नरम पडून एका रात्रीत कोलमडतात. वेलवर्गीय बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, चुलीजवळ किंवा शेणखताच्या ढिगात दोन-तीन दिवस ठेवल्या की मोड येतात; मग लावाव्यात. आपल्या आया मटकीला मोड आणतात तसेच हे. मिरचीचे बी ट्रायकोडर्मा चोळून गादीवाफ्यावर ओळीत टाकावे. पंधरा सेंटिमीटर उंच वाफा असला की पाणी साचत नाही आणि माती लवकर तापते. पाल आणि ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रांत या बाबतीत चांगला सल्ला मिळतो, आपल्यापैकी शेतीवाल्यांनीही जाऊन यावे.

पाणी केव्हा द्यावे याबद्दल मतभेद फार आहेत. माझे म्हणणे असे: थंडीची लाट येणार असेल त्या दिवशी दुपारी, ऊन असतानाच, विहिरीचे पाणी हलके द्यावे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते, हात घालून पाहिले तरी कळते. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी भुसभुशीत माती ती धरत नाही. दक्षिण अमेरिकेत टिटिकाका सरोवराच्या काठी, आपल्या सातपुड्याच्या कितीतरी पट उंचीवर, तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी प्राचीन काळी उंच वाफे आणि त्यांच्या भोवती पाण्याचे चर अशी शेते केली होती. चरातले पाणी दिवसा तापे आणि रात्री वाफ्यावरच्या पिकाचे गोठण्यापासून रक्षण करी. मधल्या काळात ती पद्धत मोडली आणि अलीकडे, १९८०च्या दशकात, काही गावांत पुन्हा सुरू करण्यात आली. पाण्यात ऊब साठते हे शिकायला कोणी शाळेत गेले नव्हते. मात्र रोज संध्याकाळी वाफा भिजवत बसू नये. माती रोज चिखल राहिली की थंडीआधी मर रोगच रोपे नेतो.

आणि धूर. बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करावा, हे प्रत्येक जण सांगतो. वारा अगदी पडलेला असेल आणि शेते एकमेकांना लागून असतील तर शेकोटीच्या उबेचा थोडा उपयोग होतो, नाही असे नाही. पण उपयोग उबेचा असतो; नुसता धूर जमिनीची ऊब ढगासारखी अडवत नाही. चार वाफ्यांसाठी रात्रभर शेकोटी सांभाळणे म्हाताऱ्या माणसाला होत नाही, आणि फेब्रुवारीत जंगलाच्या कडेला वाळले गवत उभे असते. एक ठिणगी गेली तर साऱ्या पाड्याला महागात पडेल. म्हणून पाड्यांवर धूर करू नका असेच मी सांगतो. केळीच्या मोठ्या बागेची गोष्ट निराळी.

राहिले पांघरूण. सगळ्यांत भरवशाचा उपाय हाच आहे.

बांबूच्या कामट्या वाकवून वाफ्याच्या दोन्ही काठांत खोवायच्या, पाऊण-पाऊण मीटरवर एक. त्यावर कापड. कापड पानाला टेकता कामा नये, कारण जिथे टेकते तिथे गारठा थेट पानात उतरतो आणि सकाळी तेवढाच भाग काळा पडलेला दिसतो. कडा मातीने किंवा दगडाने दाबायच्या. जमिनीतून निघालेली ऊब त्या लहानशा मांडवात अडकते आणि आतला पारा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश वर राहतो. दोन-तीन अंश ऐकायला थोडे वाटतात, पण सहा आणि नऊ यांत रोप मरण्याचा आणि जगण्याचा फरक असतो.

कापड कोणते, यावर आमच्या कामात पुष्कळ बोलणे होते. पारदर्शक प्लॅस्टिक दिसायला छान आणि बाजारात सहज मिळणारे, पण माझे त्याच्याविषयी चांगले मत नाही. रात्री ते ऊब बरीचशी बाहेर जाऊ देते, आणि सकाळी नऊनंतर उघडायला उशीर झाला तर आतली रोपे शिजतात. बाजारात क्रॉप कव्हर म्हणून जे पांढरे, विणकाम नसलेले कापड मिळते ते सर्वांत उत्तम. हलके असते, हवा खेळते, ऊन आत जाते, आणि पांढरी माशी बाहेर राहते. ही माशीच मिरचीचा बोकड्या पसरवते, म्हणजे एका कापडात दोन कामे. पण ते विकत घ्यावे लागते आणि दोन-तीन हंगामांत फाटते.

दुसरी आहे आपली जुनी साडी. दोन पाचवारी साड्या काठाला काठ लावून शिवल्या की साडेपाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असे पांघरूण होते. त्याखाली साडेचार मीटर लांब, एक मीटर रुंद वाफा दोन्ही टोकांसकट झाकला जातो. दहा गुंठ्यांच्या मिरचीला सुमारे पावणेचार हजार रोपे लागतात, आणि मरतुक धरून असे तीन वाफे पुरतात. म्हणजे एका घराला सहा साड्या. सुती असली तर ऊब चांगली धरते पण दवाने जड होते, म्हणून कामट्या जवळ-जवळ लावाव्या लागतात. सिंथेटिक हलकी असते, ती वाऱ्याने उडते, म्हणून कडा नीट दाबाव्या लागतात. दोन्ही चालतात. जरीकाठाची मात्र देऊ नका. ती पाड्यावर वाफ्यावर जाणारच नाही, पेटीत जाईल, आणि तेच योग्य होईल.

साडीचा एक दोष आहे आणि माझ्या सगळ्या बोलण्याचा मुद्दा त्या दोषात आहे. ती सकाळी काढावीच लागते. साडीखाली ऊन पोचत नाही. दोन दिवस काढली नाही तर रोपे पिवळी, उंच आणि लुळी होतात. दिवस मावळायच्या आत, जमीन उबदार असतानाच झाकायचे, आणि सकाळी ऊन वाफ्यावर आले की उघडायचे. रात्री आठ वाजता आठवण झाली आणि मग झाकले तर जमिनीतली ऊब आधीच निघून गेलेली असते. रिकाम्या घराला कुलूप लावण्यापैकी ते. एका पाड्यावरच्या आजीने हे सगळे चार शब्दांत सांगितले: "रातले झाकनं, सकायले उघाडनं." माझे अर्ध्या तासाचे भाषण तिला ऐकवले असते तर तिने विचारले असते, यात नवीन काय?

नवीन काही नाही. पण तीन वाफ्यांवर रोज दोनदा वाकणे, पंचेचाळीस दिवस, एकही दिवस न चुकता, हे सत्तरीच्या बाईला सोपे नाही. तिला त्याच दिवसांत सरपण आणायचे असते, नातीला शाळेत धाडायचे असते, कधी बाजाराला जायचे असते आणि कधी ताप येतो. लागणीआधीचा शेवटचा आठवडा तर अधिक नाजूक. तेव्हा पाणी कमी करायचे आणि पांघरूण हळूहळू सोडायचे, आधी बाजू उघड्या, मग उबदार रात्री पूर्ण उघडे, म्हणजे रोप बाहेरच्या हवेला सरावते. त्यात आज झाकायचे की नाही हे रोज आकाश पाहून ठरवावे लागते. यंत्राने होणारे हे काम नाही, त्याला माणूस जागेवर हवा.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. प्रत्येक घरापाशी वेगवेगळे वाफे न करता पाड्यावरच्या पाच-सहा घरांचे वाफे एका जागी, पाण्याजवळ पण उतारावर करायचे. तिथे एक राखणदार नेमायची, शक्यतो ऊसतोडीला न गेलेली तरुण सून किंवा विधवा बहीण, आणि तिला सहा आठवडे रोजची अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायची. आजीने तिच्यावर नजर ठेवावी, कारण आकाश ओळखणे आजीलाच जमते. एक जोडपे ऊसतोडीला न जाता याच कामावर राहिले तर त्याहून बरे, पण तेवढी मजुरी आज आपल्याला परवडणार नाही.

काही मंडळींनी मला विचारले की एवढ्या खटाटोपापेक्षा खासगी रोपवाटिकेतून ट्रेमधली तयार रोपे फेब्रुवारीअखेर विकत घेऊन वाटून टाकली तर? विचारणे रास्त आहे. ट्रेमधले रोप सुंदर असते, वाटपाचा फोटोही चांगला येतो. पण ते शेडनेटमध्ये, उबेत वाढलेले असते. पाड्यावरच्या पहिल्याच गार पहाटेला ते माना टाकते. ट्रेमधली माती चमचाभर, ती प्रवासात सुकते. आणि दर वर्षी ती विकत घ्यावी लागतील. आपले अर्पण ज्या वर्षी कमी पडेल त्या वर्षी मिरची नाही. स्वतःच्या वाफ्यात बी टाकून रोप करायला शिकलेले घर आपण नसलो तरी पुढच्या जानेवारीत बी टाकते. ज्या पाड्यावर पाणीच जवळ नाही आणि मार्चमध्ये नाला आटतो, तिथे यांपैकी काहीच करू नये, रोपेही देऊ नयेत. तिथे आधी पाण्याचे पाहावे. उत्साहाच्या भरात हे विसरले जाते म्हणून मुद्दाम बोललो.

डिसेंबरात आपण सर्वांनी पाड्यांवर चादरी आणि ब्लँकेटे दिली, त्याबद्दल तिथल्या मंडळीने आपणांस सलाम सांगितला आहे. आता वाफ्यांसाठी वेगळी पांघरुणे का मागतो, तेही सांगतो. थंडीची लाट आली की घरातली माणसे आपल्या अंगावरची गोधडी वाफ्यावर टाकतात, किंवा वाफा तसाच ठेवतात. मला दोन्ही नको आहे.

तर आता कामाचे. भगिनींच्या संघाने साड्या गोळा करण्याचे मान्य केले आहे. धुतलेल्या, फाटक्या असल्या तरी मधला भाग शाबूत असलेल्या साड्या पुढच्या रविवारी उपासनेला येताना आणाव्यात. शिलाई इथेच, मंडळीच्या सभागृहात, शनिवारी दुपारी होईल. ज्यांच्याकडे शिवणयंत्र आहे त्यांनी नावे द्यावीत. सरळ टीप घालता आली तरी पुरे. तरुण संघाने कामट्यांचे पाहावे: लांबी दोन मीटर, टोके तासलेली, एका वाफ्याला सात. मजुरीसाठी जे अर्पण द्याल त्याच्या पाकिटावर 'राखण' एवढे लिहा, म्हणजे खजिनदारांना ते वेगळे ठेवता येईल.

गाडी त्यानंतरच्या बुधवारी सकाळी चोपड्याकडे निघेल. तिच्यात चार जणांना जागा आहे. ज्यांना वाफे पाहायचे असतील त्यांनी यावे, मात्र एक रात्र तिथे मुक्काम करावा लागेल, कारण संध्याकाळचे झाकणे आणि सकाळचे उघडणे अशी दोन्ही कामे पाहायची आहेत. स्वेटर सोबत घ्या.

कोणाला काही विचारायचे असेल तर चहा होईपर्यंत मी इथेच आहे.